एका दाढेसाठी जळगाव जामोद

नांदुरा

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, लोणारचं सरोवर पाहिलंत का, शेगावला गेलात का. मी यातलं काहीही पाहिलं नाही. मी आठवडाभर एका आठ वर्षांच्या मुलीच्या दाढेमागे हिंडले आणि परत आल्यापासून तेच सगळ्यांना सांगत सुटले आहे. ज्यांनी अर्ध्यातून काढता पाय घेतला, त्यांच्यासाठी आता लिहून काढते.

आधी माझा धंदा सांगायला हवा. मी पुण्यात दातांच्या कॉलेजात शिकवते. दाताच्या आत एक मऊ, जिवंत गाभा असतो. बोलताना आपण त्याला नस म्हणतो. कीड खणत खणत त्या गाभ्याला भिडली की गाभ्यावर औषधी लेप द्यायचा, त्यावर फिलिंग भरायचं आणि आतला जीव वाचवायचा. हा लेप दाताला किती घट्ट धरून राहतो, हे मोजण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. काढून टाकलेले दात गोळा करायचे, कापायचे, लेप बसवायचा आणि तो सुटेपर्यंत यंत्रानं ओढायचा. यंत्र आकडा दाखवतं, मी तो लिहून घेते. आमच्या घरात याला ‘चिकटवा आणि उपटा’ म्हणतात.

पल्लवी इंगळे माझी जुनी विद्यार्थिनी. सोनाळ्याची मुलगी, शिकून परत आपल्या भागात गेली आणि जळगाव जामोदला दवाखाना थाटला. दिवाळीनंतर तिचा फोन आला. “मॅडम, तुम्ही शिकवलेलाच लेप वापरते. निळ्या दिव्याखाली कडक होतो तो. सगळं नीट करते आणि महिनाभरात निघून हातात येतो. सगळ्यांचा नाही, पण बऱ्याच जणांचा. गावात बोलायला लागलेत.” जरा थांबून म्हणाली, “दवाखाना बंद करून अकोल्याला नोकरी धरावी म्हणते.”

मला आधी राग आला, तिचा. हिनंच काहीतरी चुकवलं असणार. त्या लेपाचा आकडा माझ्या यंत्रावर सगळ्यांत वर होता आणि तो वापरा म्हणून मी वर्गात टेबल बडवलं होतं. संक्रांत उलटली तशी रजा टाकली आणि निघाले.

नांदुऱ्याला सकाळी उतरले तेव्हा थंडी चांगलीच बोचत होती. पल्लवी गाडी घेऊन आली होती. पूर्णेचा पूल ओलांडला आणि काळ्या जमिनीचा सपाट मुलूख सुरू झाला. समोर लांबवर सातपुड्याची निळी ओळ. कापसाची वेचणी चालू होती. भरलेल्या गाड्यांतून उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांना, तारांना, रस्त्याकडेच्या गवताला लागलेला होता. पुण्याच्या रस्त्यांवर जसा प्लास्टिकचा कचरा, तसा इथे कापूस. मला तो फार आवडला आणि थोड्या वेळानं दिसेनासा झाला. सगळीकडे असलेली गोष्ट दिसत नाही.

जळगाव जामोद

दवाखाना एका बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वर. अरुंद जिना, पायऱ्यांवर बसलेली माणसं, दुकानातून वर येणारा फवारणीच्या औषधांचा वास. आत मात्र सगळं लखलखीत. भिंतीवर बुद्धाची छोटी तसबीर, खाली खुर्ची आणि खिडकीत तुळशीऐवजी पुदिन्याची कुंडी.

मी पाणीसुद्धा न पिता तपासणीला लागले. माझ्या डोक्यात गुन्हेगारांची यादी तयार होती. पहिला, निळा दिवा. त्याचा जोर मोजायचं उपकरण मी बरोबर नेलं होतं. जोर उत्तम. दुसरा, उन्हाळा. लेपाच्या बाटल्या उन्हात राहिल्या की बिघडतात. बाटल्या फ्रीजमध्ये, तारखा ठीक, फ्रीजला बॅटरीची सोय. तिसरा, पाणी. हा भाग खारपाण पट्ट्यातला. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, पितळेवर पांढरे थर बसतात. मी पाण्याकडे बोट दाखवलं तेव्हा पल्लवीनं कपाटातून इंजेक्शनच्या शुद्ध पाण्याच्या कुप्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. ठेवताना आवाज झाला.

मग उरला तिचा हात. मी पर्समधून एक काढलेली दाढ काढली आणि म्हटलं, यात लेप देऊन दाखव. मी पर्समध्ये दाढ घेऊन फिरते याचं तिला नवल वाटलं नाही. तिनं लेप दिला, दिवा धरला, वर फिलिंग भरलं. मी अणकुचीदार हत्यारानं ते उचकटायला गेले. हलेना. जोर लावला तर हत्याराचंच टोक वाकलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. दिवा चांगला, औषध चांगलं, पाणी चांगलं, हात तर माझ्यापेक्षा चांगला. मग लेप निघतो का? आम्ही दोघी त्या दाढेकडे बघत बसलो, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. आता गुन्हेगार म्हणून मी आणि माझं यंत्र एवढेच उरलो होतो.

संध्याकाळी तिचा फोन वाजला. तिनं तो मला ऐकू येईल असा ठेवला. पलीकडे सुभाषभाऊ, संग्रामपूरच्या वाटेवर भाज्यांचा मळा असलेले.

“डाक्टरीनबाई, वैशूची दाढ पुन्हा दुखून राह्यली. तुमचं सिमेंट हालून राह्यलं. उद्या बाजाराले येतो, तवा उपटूनच टाका. तुमच्याच्यानं नसन होत त मी दुसरीकडे नेतो.”

“दादा, ती पक्की दाढ आहे, दुधाची नाही. उपटली का पुन्हा येनार नाई.”

“आठ वर्साच्या पोट्टीले कुठची पक्की दाढ, बाई? काहीबी सांगता.”

फोन ठेवून पल्लवी खुर्चीत बसली, रोग्याच्या. तिनं वैशूचा, म्हणजे सुभाषभाऊंच्या मुलीचा, वैष्णवीचा एक्स-रे काढून दाखवला. सहाव्या वर्षी येणारी ही दाढ जन्मभराची असते, पण पोरांच्या दुधाच्या दातांत ती गुपचूप येऊन बसते, त्यामुळे आईबापांना ती दुधाचीच वाटते. पुण्यातल्या आईबापांनाही वाटते, इंग्रजी शाळेतल्यासुद्धा. वैष्णवीच्या दाढेची मुळं अजून पुरी झाली नव्हती, टोकं उघडी होती. आतला गाभा जगला तरच मूळ पुढे वाढणार. गाभा मेला तर मूळ आहे तिथेच थांबणार, आणि दाढ उपटली तर आठव्या वर्षीच तोंडात कायमचं भगदाड.

“सुभाषभाऊ अर्ध्या तालुक्याला भाजी विकतात,” पल्लवी म्हणाली. “ही दाढ गेली तर मी इथे राहत नाही, मॅडम. लोक बोलतात म्हणून नाही. मलाच माझ्या हाताचा भरवसा राहणार नाही.”

मी तिला धीर द्यायला हवा होता. माझ्याकडे नव्हता. रात्रीच्या जेवणात शेवभाजी होती, इतकी तिखट की डोळ्यांत पाणी आलं. त्या निमित्तानं दोघींना डोळे पुसता आले.

बाजाराचा दिवस

बाजाराच्या दिवशी जळगाव जामोदमध्ये पाय ठेवायला जागा नसते. खेड्यांतून माणसं येतात ती एका फेरीत सगळी कामं उरकायला: बियाणं, बँक, लग्नाचे कपडे आणि दात. दवाखान्याचा जिना सकाळीच भरला. मी आत अडचण होत होते, म्हणून खाली उतरून समोरच्या गाड्यावर मिरचीभजी घेतली. इथे भज्यांबरोबर कढी देतात. पुण्यात चटणीचा एक ठिपका देऊन वर तोंडाकडे बघतात.

भजं तोंडात घालणार तोच एक मोटारसायकल जिन्यापाशी थांबली. मागे दोन्ही बाजूंना मेथीच्या जुड्यांचे गठ्ठे आणि मधे चिमटून बसलेली, स्कार्फात गुंडाळलेली मुलगी. पायरीपाशी येताच बाप तिच्यासमोर उकिडवा बसला. तिनं तोंड उघडलं. त्यानं दोन बोटांनी आतून ओल्या कापसाचा बोळा काढला, जिन्याच्या कोपऱ्यात टाकला, बाटलीतल्या पाण्यानं तिला चूळ भरायला लावली, दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि केसही सारखे केले. मग दोघं वर गेली.

मागून एक म्हातारी आली. तिनंही पायरीपाशी थांबून तोंडातून बोळा काढला, कोपऱ्यात टाकला आणि पदरानं ओठ टिपले.

मी भजी तिथेच ठेवली. रस्ता ओलांडून जिन्याच्या कोपऱ्यात वाकले. तिथे कापसाचे पुंजके पडलेले होते, आणि ते मी कालपासून जाता-येता पाहत होते. मला वाटलं, उडून आला असेल. भज्यांच्या कागदात एक पुंजका उचलला आणि नाकाशी नेला. लवंग. दुसरा उचलला. लवंग. गाड्यावाला माझ्याकडे टक लावून बघत होता. पुण्याहून आलेली डॉक्टरीण लोकांच्या थुंकीचे बोळे हुंगते आहे, हे त्यानं नंतर किती जणांना सांगितलं असेल कोण जाणे.

लवंगेचं तेल दुखण्यावर अगदी गुणी. आम्ही दातवालेसुद्धा वापरतो. पण ते दातात मुरतं, आणि जिथे मुरतं तिथे निळ्या दिव्याचा लेप पुरता कडक होत नाही. वरून झालेला दिसतो, तळाशी मात्र कच्चा राहतो आणि दाताला धरत नाही. ही गोष्ट आमच्याकडे दुसऱ्या वर्षाचं पोरही परीक्षेत लिहितं. पल्लवीनंही लिहिली असणार. आणि माझ्या यंत्रातल्या दातांना? ते दुखत नव्हते, म्हणून त्यांना कुणी लवंग लावली नव्हती.

मी जिना चढले तो धापा टाकतच. वैष्णवी खुर्चीत होती, पल्लवीच्या हातात आरसा.

“थांब,” मी म्हटलं आणि सुभाषभाऊंकडे वळले. “दाढेला काही लावलं होतं का?”

“नाई बा.”

“काही औषध?”

“डाक्टरीनबाई दर खेपेले इचारते. काईच औषध नाई लावलं.”

“लवंग?”

“ते त लावतेच न,” ते सहज म्हणाले. “तिची माय घरच्या कापसाचा बोळा करून देते, लवंगाच्या तेलाचा. गाडीवर हिसके बसते, मंग रडते पोट्टी. पन लवंग काय औषध आहे का? ते त मसाल्याच्या डब्यातलं.”

“मागच्या वेळीही लावली होती?”

“हाव. मागंबी.”

“मग खालीच का काढून टाकता?”

सुभाषभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी अडाणी विचारलं असावं. “डाक्टरच्या समोर तोंडात बोळा घेऊन कसं यावं, बाई? बरं दिसते का ते?”

जिन्यावरून कुणीतरी “खरं आहे” म्हणालं. पल्लवीच्या हातातला आरसा खाली आला. ती इथली, याच माणसांतली. लहानपणी दात दुखला तेव्हा तिच्याही तोंडात हाच बोळा गेला होता आणि डॉक्टरच्या दाराशी तो निघालाही होता. तिनं कधी विचारलं नाही, कारण तिला ते ठाऊकच होतं.

“माझी आई अजून असंच करते,” ती हळूच म्हणाली.

मला हायसं वाटलं, पण क्षणभरच. कारण कळलं म्हणून दाढ वाचत नाही. ढिल्या फिलिंगखालून दोन दिवस थुंकी झिरपत होती. आतला गाभा जिवंत आहे की नाही, हे उघडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि सुभाषभाऊंचं एकच चाललं होतं, उपटा.

पल्लवी त्यांच्यापुढे उभी राहिली. “दादा, एक खेप मले द्या. लवंगाचं मले माहीत नव्हतं. आता माहीत झालं.”

“किती खेपा, बाई? पोट्टी जेवत नाई धड.”

“पुढच्या बाजारापर्यंत. तोवर दुखलं त मीच उपटीन.”

त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग खिडकीतून खाली गाडीवरच्या मेथीकडे. “बरं,” म्हणाले. “पन पुढच्या बाजारापर्यंतच.”

दाढ बधिर केली. पल्लवीनं वैष्णवीला सांगितलं, दुखलं की डावा हात वर कर. जुनं फिलिंग टोकरताच अख्खं निघून आलं. त्याच्या तळाला लेपाचा पिवळट थर होता. मी बोट लावून पाहिलं, चिकट होता, खळीसारखा. त्याच्याखाली दाताच्या तळाशी टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका. रक्त होतं, म्हणजे अजून जीव होता. आता हे रक्त थांबतं का, यावर सगळं. थांबलं तर गाभ्यात दम आहे. वाहत राहिलं तर सूज खोल गेली.

पल्लवीनं ओला कापूस ठेवून दाबला. आम्ही थांबलो. उचलला. लाल.

तिनं गाभ्याचा वरचा बिघडलेला थर अगदी हलक्या हातानं काढला आणि पुन्हा कापूस दाबला. तेवढ्यात वीज गेली. खुर्चीवरचा दिवा बंद, खाली दुकानात कुणीतरी शिवी हासडली. सुभाषभाऊ न सांगता पुढे आले आणि मोबाईलचा उजेड मुलीच्या तोंडावर धरला. वैष्णवी डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती. तिचा डावा हात मांडीवर तसाच.

पल्लवीनं कापूस उचलला. फिकट गुलाबी. रक्त थांबलं होतं.

“आता कुठला लेप, मॅडम?” तिनं विचारलं.

दिव्याचा लेप बाद होता. मी पाण्यात कालवायची पांढरी पूड सांगितली. तिला ना दिवा लागतो ना लवंगेचं भय. ओल्या वाळूसारखी बसते आणि आपली आपण हळूहळू घट्ट होते. माझ्या यंत्रावर तिचा आकडा कमी येतो. वर्गात मी तिची थट्टाही करते. तिच्यावर पल्लवीनं दाताला स्वतःच धरणारं साधं सिमेंट भरलं. वीज आली तेव्हा काम संपलं होतं.

“दुखलं का गं?” मी विचारलं.

वैष्णवीनं मान हलवली, नाही.

“माही पोट्टी रडत नाई,” सुभाषभाऊ अभिमानानं म्हणाले. मला मात्र धडकी भरली. दुखणं सांगत नाही तो रोगी सगळ्यांत अवघड. पुढचा आठवडा आम्हाला या मुलीच्या शब्दावर काढायचा होता.

सोनाळा

मधले दिवस मी पल्लवीच्या घरी सोनाळ्याला राहिले. तिचे वडील शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, आई अजून शेतात जाते. दारात “जयभीम, या” म्हणून काकूंनी हातात पाण्याचा तांब्या दिला आणि त्यानंतर मला कधी काही विचारलं नाही. पुण्यात चहा घेणार का, असं विचारतात आणि आपण नको म्हणायचं असतं. इथे ताट येतं. ज्वारीची भाकर, तुरीचे ओले सोले घालून केलेली वांग्याची भाजी, ठेचा. नको म्हणायला तोंड उघडावं तर त्यात घास असतो.

लवंगेची हकीकत ऐकून काकूंना वाईट वाटलं, थोडा रागही आला. “मंग दुखलं त मानसानं काय करावं?” त्यांनी मला विचारलं. “रातच्याले कुठी डाक्टर सापडते इथी?”

लावा, पण येऊन सांगा, एवढंच म्हणाले. त्यांना ते पटलं. पल्लवीला एक सोपी गोष्ट सुचली. दुसऱ्या दिवसापासून तिनं औषधाचं विचारणंच बंद केलं. रोगी आला की विचारायची, मसाल्याच्या डब्यातलं काय लावलं? एकजात सगळे सांगायला लागले. एकानं तर हिंगाचंही सांगितलं.

मला संत्र्यांच्या बागा दाखवायला काका घेऊन गेले, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत. झाडाखाली बसून सोललेली संत्री मी खाल्ली, पण गोडी लागली म्हणून सांगता येणार नाही. लक्ष फोनमध्ये होतं. बागेत फोनला रेंज नाही आणि घरी फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात येते. परत आलो तर पल्लवी जिन्यात पांढरीफटक उभी. सुभाषभाऊंचे तीन कॉल येऊन गेले होते आणि आता त्यांचा लागत नव्हता.

आम्ही दोघी गच्चीच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभ्या राहिलो. शेवटी लागला.

“बाई, सांबार लय निघाला,” सुभाषभाऊ म्हणाले. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर. “सोनाळ्याले मानूस येऊन राह्यला, तुमच्यासाठी धाडू का?”

पल्लवी भिंतीला टेकली. “धाडा. वैशू कशी आहे?”

“बरी दिसते. जेवते.”

“दुखत नाही ना?”

“इचारलं. नाई म्हनते.” मग जरा थांबून, “ते नाईच म्हनते, बाई. पह्यलेबी नाईच म्हने. तिची माय म्हने गालावर हात ठेवून झोपते, तवा कळलं.”

“आताही हात ठेवून झोपते?”

“ते पाह्यलं नाई.”

कोथिंबीर आली, पोतंभर. काकूंनी तिच्या वड्या केल्या. आम्ही कशाबशा खाल्ल्या.

संग्रामपूरच्या वाटेवर

पुढचा बाजार आणि माझी परतीची गाडी एकाच दिवशी होती. म्हणून आदल्या दिवशी आम्हीच मळ्यात गेलो. पल्लवीनं इंजेक्शनच्या सुयांच्या टोपणांत पाणी भरून रात्री काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवलं होतं. त्याच्या पेन्सिलीएवढ्या बर्फाच्या कांड्या झाल्या. त्या थर्मासमध्ये घालून घेतल्या.

ही तपासणी जुनी आणि साधी आहे. दाताला बर्फ लावायचा. गाभा जिवंत असेल तर गार झटकन लागतं आणि बर्फ काढला की झटकन जातं. लागूनही कळ तशीच राहिली तर गाभा सुजलेला आहे. काहीच लागलं नाही तर बहुधा गेला. मूळ पुरं वाढतं का, हे कळायला पुष्कळ महिने लागतात, ते पल्लवी बघणारच होती. आज फक्त एवढंच कळायचं होतं, आत कुणी आहे का.

मळा हिरवागार होता. वांगी, मेथी, मिरची, एका कडेला पाण्याचा हौद. सुभाषभाऊंनी निंबाखाली बाज टाकली आणि वैष्णवीला तिच्यावर बसवलं. तिनं नवा फ्रॉक घातला होता. फिलिंग जागच्या जागी होतं, घट्ट. मी हत्यारानं चाचपून पाहिलं. हिरडीला सूज नव्हती.

“गार लागलं की हात वर करायचा,” पल्लवीनं सांगितलं. वैष्णवीनं बापाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

आधी तुलनेसाठी दुसऱ्या बाजूची चांगली दाढ. पल्लवीनं कांडी टेकवली. हात वर झाला नाही. मग आपली दाढ. कांडी टेकवली. धरली. पाणी तिच्या बोटांवरून ओघळलं. वैष्णवीचे दोन्ही हात फ्रॉकवर, मुठी आवळलेल्या. हात वर झाला नाही.

“लागलं का, बेटा?”

“नाई.”

पल्लवीनं कांडी काढली. ती माझ्याकडे बघेना. तिनं थर्मासचं झाकण लावलं, नीट, आटे बसेपर्यंत. सुभाषभाऊ मात्र हसत होते. “पाह्यलं? काईच नाई लागलं. बरी झाली म्हना.”

गेली, असंच मलाही वाटलं. मग एकदम लक्षात आलं की पहिल्या दाढेलाही हात वर झाला नव्हता. ती तर ठणठणीत होती. तिला बर्फ लागलाच नाही, हे शक्य नव्हतं. मी वाकून वैष्णवीचं तोंड बघितलं. डोळे काठोकाठ भरले होते.

“सुभाषभाऊ, तुम्ही हिला काही सांगून ठेवलंय का?”

“सांगतलं न. हात उचलशीन त डाक्टरीनबाई दाढ उपटीन म्हनलं. लागलं म्हंजे बिघडलंच न?”

“उलट आहे,” मी म्हटलं. माझा आवाज चढला, मला आवरता आला नाही. “लागलं तरच दाढ जिवंत. नाही लागलं तर मेली. आम्ही तिला लागावं म्हणून आठवडाभर देवासारखी वाट बघतोय.”

त्यांचं हसू थांबलं. “म्हंजे, लागाले पाह्यजे होतं?”

“हो.”

ते मुलीसमोर उकिडवे बसले, त्या दिवशी जिन्यापाशी बसले होते तसेच. तिचे गुडघे हातांत धरले. “वैशू, आता खरं सांगाचं. लागलं त लागलं म्हन. बाप रागवत नाई. दाढबी कोनी नेत नाई.”

पल्लवीनं नवी कांडी काढली. आपली दाढ. टेकवली.

वैष्णवीचा हात फ्रॉकवरून सुटला, कानापर्यंत गेला, थांबला, आणि मग सरळ वर. लगेच दुसराही.

पल्लवीनं बर्फ काढला. “लागलं?”

“लय लागलं.” मग तक्रारीच्या सुरात, “पह्यलेबी लय लागलं होतं.”

“अन् आता? अजून लागून राह्यलं का?”

वैष्णवीनं जिभेनं दाढ चाचपली. विचार केला. “नाई. गेलं.”

पल्लवी बाजेच्या कडेवर बसली आणि वितळणारा बर्फ मुठीत धरून रडायला लागली, अगदी मोठ्यानं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मिरचीच्या वाफ्याकडे बघत राहिले, कारण माझंही काही खरं नव्हतं.

वैष्णवी तिच्याकडे बघत होती. “बाबा, डाक्टरीनबाई काऊन रडून राह्यल्या? त्यायलेबी लागलं का?”

“हाव,” सुभाषभाऊ म्हणाले. “त्यायलेबी लागलं.”